वनावरील प्रक्षोभ

विज्ञान मातृभाषेत आलं पाहिजे, यावर माझी अढळ निष्ठा होती. ती उपविभागीय वनाधिकाऱ्यांच्या दालनात, अठ्ठावीस डिसेंबरला दुपारी सव्वाबारा वाजता, चहा येण्याच्या थोडं आधी संपली.

दालनात आम्ही चौघं होतो. टेबलामागे काळबांडे साहेब. त्यांच्या डाव्या हाताला पोलीस उपनिरीक्षक डोईफोडे, जे तिथे का आहेत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. समोर तनुजा गद्रे आणि मी. तनुजा पुण्याहून आलेली संशोधक विद्यार्थिनी, आणि मी तिच्या प्रकल्पाचा सहायक. साहेबांच्या पुढ्यात आमचा अर्ज होता आणि अर्जाच्या विषयाखाली त्यांनी लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या होत्या.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, साहेब," मी म्हणालो. जरा अभिमानानंच म्हणालो.

"वाचा बरं मोठ्यानं."

मी वाचलं. "विषय : रात्री खालच्या थरात वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे वनावर निर्माण होणारा प्रक्षोभ व त्याची वरच्या थराशी होणारी देवाणघेवाण यांच्या अभ्यासासाठी मुदतवाढ मिळणेबाबत."

डोईफोडे खुर्चीत सरळ झाले. "परत एकदा वाचा."

मी परत वाचलं. मला वाटलं, त्यांना आवडलं.

तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. काळबांडे साहेब आता निवृत्त आहेत आणि त्यांना वाचनाचा नाद लागला आहे असं कानावर येतं. पूर्व विदर्भातला एक तालुका, त्यात बेहडाटोला नावाची पंचवीस घरांची वस्ती, वस्तीमागे सागाचं आणि ऐनाचं जंगल आणि जंगलाच्या मधोमध आमचा बेचाळीस मीटर उंचीचा लोखंडी मनोरा. मनोऱ्याच्या टोकाला दोन यंत्रं. एक वारा मोजायचं आणि दुसरं हवेतला कर्बवायू.

तनुजाला जे मोजायचं होतं ते तिनं मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. जंगल रात्री श्वास सोडतं, पण रात्री हवा निपचित पडलेली असते. सोडलेला कर्बवायू झाडांखालीच साचून राहतो आणि वरच्या यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. मग केव्हातरी, शेंड्यांच्याही दोनतीनशे मीटर वर, वाऱ्याची एक वेगवान पट्टी धावायला लागते. तिच्या ओढीनं खालची हवा ढवळली जाते आणि साचलेलं सगळं एका दमात वर निघतं. किती निघतं आणि केव्हा निघतं, एवढाच तिचा प्रश्न होता. त्या प्रश्नाला तिनं पाच वर्षं दिली होती.

उत्तरासाठी तिला हिवाळ्यातल्या सलग दहा चांगल्या रात्री हव्या होत्या. त्याहून कमी चालणार नाहीत असं तिच्या मार्गदर्शकांनी लेखी कळवलं होतं. आदल्या हिवाळ्यात उंदरांनी केबल खाल्ली. विद्यापीठातली नोंदणी एकतीस मार्चला संपत होती. म्हणजे हा जानेवारी मिळाला तर पदवी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. आणि मनोऱ्याची परवानगी एकतीस डिसेंबरला संपत होती.

मुदतवाढीचा अर्ज कार्यालयाला मराठीतच हवा होता. हे काम माझ्याकडे आलं. मी बी.एस्सी.नंतर मराठीत एम.ए. केलं होतं. असं दुहेरी शिक्षण झालेला माणूस कुठेच धड उपयोगी पडत नाही आणि एकदा पडायची संधी आली की फार उत्साहानं पडतो. हवेच्या या ढवळण्याला इंग्रजीत टर्ब्युलन्स म्हणतात; त्याला शब्द शोधायला मी चार दिवस लावले. एका जुन्या कोशात 'प्रक्षोभ' सापडला. दणकट शब्द होता. तो लिहून झाल्यावर मी एक चहा जास्तीचा घेतला होता.

"मॅडम," डोईफोडे तनुजाकडे वळले, "हे वारे येतात कुठून?"

तनुजाला प्रश्न आवडला. पाच महिन्यांत त्या कार्यालयातल्या कोणी विषयाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"पठाराकडून, सर. सूर्यास्तानंतर तासादोन तासांनी सुरुवात होते. दोनच्या सुमाराला जोर असतो. पहाटे विरून जातात."

"दिवसा काहीच नाही?"

"असतं, पण कळत नाही. दिवसा सगळंच हलत असतं ना."

काळबांडे साहेबांनी डोईफोड्यांकडे पाहिलं. "मी म्हटलं नव्हतं तुम्हाले?"

डोईफोड्यांनी खिशातून डायरी काढली. "आणि हा खालचा थर. त्याची काय परिस्थिती?"

"खालच्या थरात साचत जातं, सर. वर जायला वाटच नसते. वरच्या थराला त्याची कल्पनाही नसते."

"कल्पना नसते," साहेब जरा दुखावून म्हणाले.

"आणि मग वारं आलं की एकदम उसळतं. थेट वरपर्यंत."

"वरपर्यंत म्हणजे? जिल्ह्यापर्यंत?"

"नाही हो सर," तनुजा हसली. "जिल्ह्याचं काय घेऊन बसलात? त्याच्याही वर."

डोईफोडे लिहीत होते. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"याच्यामागं काय असावं?" डोईफोड्यांनी न बघता विचारलं.

"तापमानातला फरक, सर. वरचं गरम, खालचं थंड."

"खालचं थंड? तुम्ही तर आता म्हणाला, उसळतं."

"तेच तर! रात्री सगळं उलटं होतं. थंड असतं म्हणूनच दबून राहतं. दिसायला अगदी शांत. पण पान हललं नाही म्हणजे काही नाही असं समजू नये."

"बरोबर आहे," डोईफोडे म्हणाले. "आमच्या खात्यातपण हेच शिकवतात."

"किती गावांत आहे हे?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही फक्त बेहडाटोल्याला मोजतोय. पण मला विचाराल तर अख्ख्या पट्ट्यात असणार."

बेहडाटोल्याचं नाव निघालं आणि साहेबांचा हात आपोआप टेबलाच्या उजव्या खणावर गेला. त्या खणात काय होतं ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बेहडाटोल्याच्या लोकांचे वनहक्काचे एकोणीस दावे चार वर्षं तिथे पडून होते. हात खणावर गेला त्या क्षणी मला माझं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. खालचा थर. रात्रीचे वारे. वनावरील प्रक्षोभ. वरच्या थराशी देवाणघेवाण. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"साहेब," मी म्हणालो, "यात प्रक्षोभ म्हणजे तसा..."

"तुम्ही थांबा हो. मॅडम सांगून राहिल्या नं."

"पण शब्दाचा अर्थ..."

"अर्थ आम्हाला समजतो, राजूरकर. पंचवीस वर्षं झाली या खात्यात." साहेबांनी पेन उघडलं. "मॅडम, हा अभ्यास थांबायला नाही पाहिजे. एकतीस जानेवारीपर्यंत मुदत देतो. दर सोमवारी अहवाल माझ्याकडे, एक प्रत डोईफोडे साहेबांकडे. आणि मनोऱ्याला बंदोबस्त."

"बंदोबस्त कशाला, सर?"

"राहू द्या. आमची जबाबदारी आहे."

तेवढ्यात चहा आला. तनुजानं सगळ्यांना बिस्किटं दिली.

बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली. "राजूरकर, किती चांगली माणसं आहेत हो! मी उगाच घाबरत होते. त्या इन्स्पेक्टरांना तर विषय माझ्या पीएच.डी.च्या कमिटीपेक्षा बरा कळला."

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पाच महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मुदतवाढ हातात पडली होती. शब्द चुकला म्हणावं तर परवानगी जाणार. परवानगी ठेवावी तर शब्द बरोबर म्हणायला हवा. मी म्हणालो, "उसाचा रस पिणार का? समोर चांगला मिळतो."

परवानगीचं पत्र चार जानेवारीला हातात आलं, तरी मनोऱ्याकडे आम्हाला जाता येईना. जंगलाच्या फाटकावर शिपाई उभा होता. क्षेत्र संवेदनशील असल्यानं पासाशिवाय प्रवेश नाही. पास डोईफोड्यांच्या सहीनं मिळणार आणि डोईफोडे दौऱ्यावर. सही झाली तर शिक्का नाही. शिक्का होता तर तो ज्याच्याकडे होता त्याच्या घरी लग्न होतं. तनुजा रोज सकाळी फाटकाशी जाऊन यायची आणि म्हणायची, "ठीक आहे, यंत्रं आपलं काम करताहेत. आपली तिथे गरज नाही." तसंही सूर्यास्तानंतर जंगलात थांबायची मुभा आम्हाला कधीच नव्हती. ज्या रात्रींपायी एवढं झालं त्यांतली एकही मी पाहिलेली नाही.

मी मात्र दर सोमवारी अहवाल देत होतो. आकडे हातात नसल्यामुळे सिद्धान्तावरून लिहीत होतो. 'सप्ताहात खालच्या थरातील साठा वाढत असावा. उद्रेकाची वेळ निश्चित सांगता येत नाही.' पहिल्या अहवालानंतर बंदोबस्तावरचे दोघांचे चार झाले. दुसऱ्या अहवालात मी 'सर्वत्र शांतता' असं लिहून पाहिलं. डोईफोड्यांनी निरोप धाडला, ही शांतता किती दिवस टिकेल ते कळवा.

पास वीस जानेवारीला मिळाले.

दुपारी बाराला आम्ही मनोऱ्यापाशी पोचलो. मनोरा ओळखू येईना. पायथ्याशी खाकी तंबू. मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारांवर बनियन, टॉवेल आणि एक लुंगी वाळत घातलेली. चार पोलीस झाडाखाली कांदा कापत होते. आमचा राखणदार मंसाराम कुमरे, जो बेहडाटोल्याचाच, त्यांच्यासाठी पाण्याचा हंडा घेऊन येत होता.

तनुजानं आकडे साठवणारी पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि खाली मांडी घातली. वाऱ्याचा आलेख आधी उघडला. बघता बघता तिचा चेहरा उजळला.

"राजूरकर, हे बघा. पाच तारखेपासून. रोज! दीड वाजला की सुरू. अहो, पंधराच्या पंधरा रात्री पट्टी आहे. असं मी कागदावर सुद्धा इतकं स्वच्छ पाहिलेलं नाही."

मग तिनं कर्बवायूचा आलेख उघडला. रेघ संध्याकाळी सातला भिंतीसारखी सरळ वर चढत होती आणि पहाटे पाचपर्यंत खाली येत नव्हती. तिनं स्क्रीन पुसली. परत पाहिलं. मग तिची नजर लॅपटॉपवरून घसरून जमिनीवर आली. ती जिथे बसली होती तिथे, मनोऱ्याच्या पायापासून चार हातांवर, बैलगाडीच्या चाकाएवढं राखेचं काळं वर्तुळ होतं. शेजारी अर्धवट जळालेली ऐनाची लाकडं.

"शेकोटी पेटवता तुम्ही?" तिनं विचारलं.

"पेटवावीच लागती, मॅडम," हवालदार मुंडलिक कांदा बाजूला ठेवून उठले. "वारं काय कमी हाय व्हय हितं? दोन वाजले की असं वरनं उतरतंय, डोक्यावर कानटोपी ऱ्हात न्हाई. परवा तर लाकडं दुप्पट लावली."

"परवा किती वाजता?"

"दोन, सव्वादोन."

तनुजानं परवाचे सव्वादोन पाहिले. रेघ दुप्पट झाली होती.

"रोज पेटवलीत?"

"एक दिस खाडा न्हाई," मुंडलिक म्हणाले. कामात कसूर नाही हे सांगण्याचा तो सूर होता.

"अहो पण तुम्ही इथे आहात कशासाठी? यंत्रांना काय होणार आहे?"

"यंत्राचं न्हाई, प्रक्षोभ हाय ना हितं."

"आहे ना. पण त्याला पोलीस कशाला?"

मुंडलिकांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "प्रक्षोभाला पोलीस न्हाई तर काय पोस्टमन पाठवायचा, मॅडम? तुमीच लिहून दिलंय. लोक खवळलेत म्हून."

"कोण लोक?"

मंसारामनं हंडा खाली ठेवला. "आमी जी," तो म्हणाला. "आमाले काई मालूमच नवतं. हे पोलीस आले, तवा मालूम पडलं का आमी खवळून राह्यलो. माही बायको म्हने, जाऊन इचारून तं या, कोनावर खवळलो आपन. दाव्याचं म्हनाल तं चार सालापासून चकरा मारून राह्यलो, तवा कोनी पोलीस नाई पाठवला."

तनुजा हळूच माझ्याकडे वळली.

"राजूरकर, प्रक्षोभ म्हणजे काय?"

"टर्ब्युलन्स."

"आणि?"

"आणि लोकांचा संताप. म्हणजे तसा तो अर्थ जास्त प्रचलित आहे."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"अठ्ठावीस डिसेंबरला."

"किती वाजता?"

"सव्वाबारा."

तिनं लॅपटॉप मिटला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बोटांवर मोजत होती. एकवीस, बावीस, तेवीस. एकतीसपर्यंत मोजून ती उठली. "अकरा रात्री आहेत अजून. चला."

तीन वाजता आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर होतो. मी सगळं सांगितलं. काळबांडे साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे प्रक्षोभ नाही?"

"आहे, साहेब. पण हवेत आहे."

"हवेत म्हणजे अफवा?"

"अफवा नाही. खरोखरच्या हवेत. हवेची खळबळ."

"खळबळ? ते तर आणखीच वाईट."

"उलथापालथ म्हणा."

डोईफोडे खुर्चीत पुढे सरकले. मी घाईनं म्हणालो, "अस्थिरता. नको. उठाव... तोही नको." त्या दुपारी मला कळलं की आपल्या भाषेत हवा हलल्याचं सांगायला पोलिसांना न चालणारेच शब्द आहेत. शेवटी म्हणालो, "घुसळण. रवीनं घुसळतात तशी."

"ताकासारखी?"

"अगदी तशीच."

"मग ताक म्हणायचं होतं नं बापा! कशाला एवढा मोठा शब्द आणला?" साहेब खरोखरच वैतागले. "मी वर कळवून बसलो. जिल्ह्याहून दोनदा फोन आला. आता ताक आहे म्हणून सांगू?"

"सर," तनुजा म्हणाली, "मला एवढंच हवंय की पोलिसांनी शेकोटी पेटवू नये."

"थंडीत माणसं मारू का माझी?" डोईफोडे म्हणाले.

"मग तंबू अर्धा किलोमीटर लांब न्या."

"बंदोबस्त मनोऱ्याचा आहे. लांब बसून कसा करायचा?"

"मग बंदोबस्त काढा."

"काढता येतो," साहेब म्हणाले आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "प्रक्षोभ आहे असं तुम्ही लिहून दिलं म्हणून लागला. नाही म्हणून लिहून द्या, निघून जाईल. घ्या, राजूरकर. सदर वनावर रात्रीच्या वेळी कोणत्याही प्रकारचा प्रक्षोभ आढळून आलेला नाही. खाली मॅडमची सही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. तनुजानं कागद घेतला, वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"मी सही करणार नाही. हे खोटं आहे, सर. माझा सगळा प्रबंध याच्या उलट आहे. वैज्ञानिकदृष्ट्या..."

"मॅडम, वैज्ञानिकदृष्ट्या काय असेल ते तुम्ही इंग्रजीत लिहा. मराठीत हे लिहा."

"माझी सही चालेल का?" मी विचारलं.

"अर्ज कोणाच्या नावानं आहे?"

अर्ज तिच्या नावानं होता.

"सही नसली तरी हरकत नाही," डोईफोडे समजुतीनं म्हणाले. "सव्वीस जानेवारी तोंडावर आहे. चाराचे आठ करू. दोन शेकोट्या लागतील एवढंच."

तनुजा उठून व्हरांड्यात गेली. मी मागोमाग गेलो. व्हरांड्यात जप्त केलेल्या सायकली लावल्या होत्या. त्यांतल्या एकीचं पायडल ती मागेपुढे करत राहिली.

"तुमचा तो शब्द," ती म्हणाली, "मी कमिटीपुढे पाच वर्षं हे सिद्ध करतेय की रात्री जंगलावर टर्ब्युलन्स असतो. लोक म्हणतात नसतो, असला तरी मोजण्याइतका नसतो. आणि तो मोजायला मिळावा म्हणून मी सही करू, की नसतो?"

"हो."

"तुम्ही हो म्हणू नका, राजूरकर. तुम्ही गप्प बसा."

ती पायडल फिरवत राहिली.

"या कागदाचं इंग्रजी कोणी करेल?"

"नाही करणार."

"कशावरून?"

"मराठी कागद मराठीतसुद्धा कोणी वाचत नाही, मॅडम."

"पहिला वाचला की!"

ती आत गेली, उभ्यानंच सही केली आणि तारीख घालायला विसरली. साहेबांनी तारीख स्वतः घातली, कागदावर शिक्का मारला, तो फुंकून वाळवला आणि उजव्या खणात, दाव्यांवर ठेवला.

"बघा," ते म्हणाले, "बेहडाटोल्याचंही मिटलं."

"काय मिटलं?" मी विचारलं.

"प्रक्षोभ नाही म्हणजे तक्रार नाही. आता त्या दाव्यांची घाई काय?"

तनुजाचं पेन अजून हातात होतं. तिनं कागद परत मागितला. साहेबांनी खण लावून घेतला. "मॅडम, तुमच्या अकरा रात्री," ते सौम्यपणे म्हणाले. "का आणखी काही लिहायचं आहे?"

तिनं बंद खणाकडे पाहिलं. मग तिनं पेनाला टोपण लावलं.

एकवीसला सकाळी तंबू उठला. मुंडलिकांनी जाताना उरलेली लाकडं मंसारामला दिली आणि त्यानं ती घरी नेली. जायच्या आधी त्यानं राख झाडून टोपलीत भरली, वर्तुळावर पाणी शिंपडलं. तनुजा समोर दगडावर बसून होती. मी त्याला सगळी हकिकत सांगितली. सहीचीही आणि खणाचीही. तिनंच सांगायला सांगितलं होतं.

मंसारामनं टोपली डोक्यावर घेतली. "म्हंजे आता आमी खवळलो नाई," तो म्हणाला.

"नाही."

"बरं झालं सांगतलं जी. आमाले तं मालूमच नाई पडत." थोडं पुढे जाऊन तो थांबला. "मॅडम, सही तुमी केली का?"

"हो," तनुजा म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि गेला. रात्रीपाळीला मात्र रोज वेळेवर येत राहिला.

एक फेब्रुवारीला आम्ही शेवटचे आकडे उतरवून घेतले. तनुजा पेटीपाशी मांडी घालून बसली. मी मागे उभा होतो. ती एकेक रात्र उघडत गेली. अकरावीपर्यंत गेली आणि पुन्हा पहिलीकडे आली. मग तिनं मला बसची वेळ विचारली. चारची होती.

मार्चअखेर तिची नोंदणी संपली. पदवी तिला तीन वर्षांनी मिळाली, दुसऱ्या विद्यापीठातून, दुसऱ्याच कोणाच्या मनोऱ्यावरच्या आकड्यांवर. बेहडाटोल्याचे दावे त्या खणातून केव्हा निघाले, की निघालेच नाहीत, हे मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

त्या अकरा रात्रींचे आकडे माझ्याकडे आहेत. दोन्ही यंत्रं व्यवस्थित चालू होती, केबल शाबूत होती, बॅटरी भरलेली होती, आणि आसपास कुठेही शेकोटी नव्हती. पट्टी मात्र एकाही रात्री आली नाही; वाऱ्याचा वेग सेकंदाला एका मीटरच्या वर एकदाही गेलेला नाही.